उपद्रवी धंद्याचा परवाना

म्युनिसिपालटीनं नवे पोटनियम केले, त्यातलं पहिलं कलम आतडी उकळण्याविषयी होतं. राहत्या घरात आतडी उकळू नयेत. दुसरं हाडं जाळण्याविषयी, तिसरं चरबीच्या मेणबत्त्या ओतण्याविषयी. गावात यातलं काहीच कोणी करत नव्हतं, त्यामुळे तिन्ही कलमांचं पालन पहिल्या दिवसापासून चोख होऊ लागलं. मसुदा कुठल्याशा मोठ्या शहराच्या नियमांवरून उतरवून घेतला होता आणि उतरवणाऱ्या कारकुनानं आपली अक्कल मध्ये येऊ दिली नव्हती. चौथं कलम तेवढं गावाला लागू पडलं: कापड रंगवणे व त्याकामी रंग मुरवणे.

तळोद्याकडून तापीकडे उतरताना लागणारं हे गाव. काळ इंग्रजांचा, साल एकतीस-बत्तीस. म्युनिसिपालटीचे प्रेसिडेंट हिंमतराव पाटील यांची कपाशीची जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, भर गावात होती. हंगामात तिची रुई उडून शेजारच्या चार गल्ल्या खोकत. सभेत कोणीतरी दबकत विचारलं, "आप्पा, मग जिनचं काय?" हिंमतरावांनी नियम पुन्हा वाचून दाखवला. बंदी राहत्या घरातल्या धंद्याला होती. जिनमध्ये कोणी राहत नव्हतं. प्रश्न विचारणारा खोकत खाली बसला आणि ठराव मंजूर झाला.

राहत्या घरात रंग मुरवणारं गावात आता एकच घर उरलं होतं, सुकलाल भावसार या रंगाऱ्याचं.

सुकलालचा निळीचा माठ मागच्या पडवीत गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता, चुलीच्या भिंतीला लागून, म्हणजे थंडीत त्याला ऊब मिळे. माठ आज्यानं पुरलेला. तेव्हापासून तो एकदाही रिकामा झाला नव्हता. नीळ आता जर्मनीहून डब्यातून येई. पण डब्यातली नीळ नुसत्या पाण्यात कापडाला धरत नाही, तिला मुरलेला माठच लागतो. त्याला चुना द्यायचा, गूळ द्यायचा, तरोट्याचं बी शिजवून द्यायचं, सकाळी दांडा फिरवून ढवळायचं आणि वर निळ्या फेसाचं फूल धरलं की समजायचं, माठ खुशीत आहे. कापड त्यातून हिरवं निघतं आणि वाऱ्यावर डोळ्यांदेखत निळं होतं. सातपुड्यातल्या बायांना असलीच निळी लुगडी लागत. गिरणीची निळी लुगडी दुकानांत होती, पण पहिल्याच धुण्यात त्यांचा रंग नदीला जाई, आणि नदीला निळं करण्याची डोंगरातल्या बायांना हौस नव्हती.

नियमात एक दार उघडं ठेवलं होतं. जुन्या धंदेवाल्यानं अर्ज करावा. सॅनिटरी इन्स्पेक्टर येऊन शेजाऱ्याच्या अंगणात उभा राहील आणि श्वास घेईल. भिंतीपलीकडे वास आला नाही तर परवाना. आला तर धंदा नाल्यापलीकडच्या मोकळ्या जागेत न्यावा. मोकळी म्हणजे मेलेली ढोरं टाकायची जागा. तिथं नवा माठ पुरता आला असता, पण जुन्यातलं पाणी उपसून नेलं की ते मरतं, आणि उघड्यावर पौषाच्या वाऱ्यात नवा माठ धरायला वर्षं जातात. तोवर गिऱ्हाईक गिरणीचं लुगडं नेसायला शिकतं. सुकलालला दुसरं काही येत नव्हतं. तो रंगात हात बुडवूनच वाढला होता. कोपरापर्यंत निळा होता, आणि असा माणूस हमालीला उभा राहिला तरी लोक आधी हसतात.

त्यानं अर्ज केला. इन्स्पेक्टर पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येणार असं कळलं. माठ तेव्हा चांगला होता, त्याचा वास आंबवलेल्या कण्यांइतकाच यायचा. सुकलाल निर्धास्त झाला. रंगाऱ्यानं निर्धास्त होऊ नये.

थंडीची लाट आली आणि माठ बिघडला. फूल विरून गेलं, पाणी गढूळ काळं झालं आणि पडवीतून असा वास सुटला की शेजारची दगूबाई भाकरी थापता थापता नाकाला पदर लावून कुंपणाशी आली.

"काय मरनं तुम्हना घरमा?"

"काही नही, काकू," भिकुबाई म्हणाली. ती सुकलालची बायको. "माठले थंडी व्हयनी."

"माठले थंडी व्हयनी अन् नाक मन्हं गळी ऱ्हायनं!" दगूबाई म्हणाली आणि घरात गेली. इन्स्पेक्टर उभा राहणार होता तो तिच्याच अंगणात.

सुकलालनं गूळ वाढवला, चुना वाढवला, माठावर गोधड्या घातल्या, भोवती गोवऱ्यांची धग ठेवली. वास वाढला. मग एकच उपाय राहिला.

निळीचा माठ बिघडला की नुसत्या गुळा-चुन्यानं सुधारत नाही, त्याला एक खोटी बातमी लागते, हे रंगाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ज्ञान. का, ते विचारू नये. बातमी अशी हवी की गावात फिरून, चार तोंडं बदलून ती रंगाऱ्याच्या दाराशी परत यावी आणि आणणाऱ्यानं खरी म्हणून सांगावी. ती आली की माठावर फूल धरतं. सुकलालच्या आज्याची त्यात एक अट होती. खोटं आभाळाचं सांगावं, नाहीतर राजाचं. दोघांचंही त्यानं काही बिघडत नाही. गरिबाचं नाव त्यात घेऊ नये. राणीसरकार तापीत न्हायला येणार असं आज्यानं एकदा सांगितलं, तेव्हा अर्ध्या गावानं घाट घासून धुतला होता. बापानं शेपटीचे तारे दाखवले होते, दोन तोंडांचं वासरू जन्माला घातलं होतं. माठ दरवेळी ताळ्यावर आला.

पण गावही तेवढंच शहाणं होत गेलं. आता एखादी नवलाची गोष्ट ऐकली की लोक आधी विचारत, "भावसारना माठ बिघडना का?" आणि खरी बातमी पटवायची असली तर म्हणत, "माठनी नही रे भो, खरी शे."

सुकलालनं तरी आज्याची अट पाळून बघितली. दगूबाईला कुंपणाशी गाठून म्हणाला, "काकू, नंदुरबारले इस्टेशनमा इमान उतरनं म्हने. रुळवर."

दगूबाईनं नाकावरचा पदरही काढला नाही. "अन् तिकीट कोठलं काढं त्यानी? खांडबारानं?" ती हसली. "रे सुकलाल, तुन्हा बाप निदान वासरू तरी डोळे मिचकावी सांगे. तुले तेवढंबी येत नही."

बातमी तिथंच मेली. दुसऱ्या दिवशी चावडीवर त्याला पाहून पोरं हात पसरून विमान झाली.

बाजार तोंडावर आला होता. भिकुबाई म्हणाली, "आवो, माठ ऱ्हावू द्या. साहेबले सांगा, आठ दिन थांब."

"साहेब थांबस का? बजारबी कोनकरता थांबत नही, अन् तू साहेबनं सांगस."

तो पडवीत बसून विचार करू लागला. गाव खोटं मानत नव्हतं असं नाही. गाव पुष्कळ खोटं मानत होतं, फक्त ते आधीपासून मानत असलेल्या गोष्टींना जोडून यायला हवं होतं. आभाळाविषयी आणि राजाविषयी गावाचं काही मत नव्हतं. डोंगराविषयी होतं.

संध्याकाळी दगूबाई शेण टाकायला निघाली तर सुकलाल पायरीवर डोकं धरून बसला होता. विचारल्याशिवाय त्यानं मान वर केली नाही.

"काय व्हयनं रे?"

"काही नही, काकू."

"सांग ना मुकाट्यानी."

"कोनले सांगू नको." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "वीरसिंग मागला बजारले उना नही. तो चुकत नही कधी. वरे तोरणमाळनी वाटवर पटकी शे म्हने."

 दगूबाईनं माठाचं नावही काढलं नाही. शेणाची पाटी तशीच डोक्यावर घेऊन ती उकिरड्याऐवजी विहिरीकडे गेली.

वीरसिंग हे सुकलालचं डोंगरातलं जुनं गिऱ्हाईक, आपल्या पाड्यातल्या सगळ्या घरांची लुगडी तोच रंगवायला आणी. मागच्या बाजाराला तो आला नव्हता हे खरंच होतं. त्याच्या बायकोचे, रूपलीचे, दिवस भरत आले होते आणि घरात दुसरं कोणी नव्हतं, हे सुकलालला ठाऊक होतं. वीरसिंगचं नाव त्यानं नुसतं वजनासाठी घातलं होतं. काट्यावर वजन टाकताना ते कोणाचं आहे, हे कोणी विचारत नाही.

पटकी, म्हणजे जुलाब-उलट्यांची साथ, उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात येते, पौषात नव्हे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण डोंगरातल्या लोकांना ऋतू कुठले कळायला, असं गावाचं एकमत होतं, आणि रोगराई त्यांच्याकडून येते याविषयी तर मतभेद कधीच नव्हता. बातमी विहिरीवरून चावडीवर गेली, चावडीवरून जिनमध्ये. कोणीही माठ म्हणालं नाही. दोन रात्री मध्ये गेल्या आणि दगूबाई कुंपणाशी आली, या वेळी धापा टाकत.

"ऐकं का रे? चार पाडा खाली व्हई गयात! मुडदा उचलाले मानूस नही. खुद्द हिंमतराव आप्पाले वरतीन चिठ्ठी उनी म्हने. आई वं, तू तर काहीच सांगं नव्हतं मले!"

सुकलाल पडवीत गेला. गोधडी उचलली. पाण्यावर निळं फूल धरलं होतं, कडेला तांब्यासारखी झाक, आणि वास आंबवलेल्या कण्यांइतकाच. त्यानं माठाला हात जोडले. त्या घटकेला एवढा सुखी माणूस तालुक्यात दुसरा नसेल.

त्याच दुपारी म्युनिसिपालटीची तातडीची सभा भरली. हिंमतरावांना चिठ्ठी आलेली नव्हती. पण ती आली असं सगळे म्हणत होते, आणि प्रेसिडेंटला चिठ्ठी येत नाही असं कबूल करणं त्यांना बरं दिसेना. ठराव झाला: पुढील हुकूम होईतो डोंगरातल्या कोणाही इसमास तळोदा नाक्याच्या आत घेऊ नये. वर कोणाला तरी पाठवून खरं काय ते पाहून यावं, अशी एक सूचना आली होती. पण ती वाट चढाची आहे आणि तिथं पटकी आहे, म्हणून ती मागे घेण्यात आली.

बाजाराच्या दिवशी बाजार अर्धा भरला. मोहाची सुकी फुलं नाहीत, डिंक नाही, चारोळी नाही. डोंगरातून उतरलेली माणसं नाक्याबाहेर ओझी उतरवून बसली आणि दुपारनंतर तीच ओझी उचलून परत चढू लागली. "कशाची पटकी?" असं त्यांनी नाकेदार दोधूला विचारलं, तर तो म्हणाला, "तुम्हनी." सुकलाल रंगवलेली लुगडी घेऊन नाक्यापर्यंत गेला आणि न देताच परतला. एकदा का परवाना हातात पडला की चार दिवसांत सगळं थंड होईल, असा त्यानं हिशेब केला. बापाचं वासरूही चार दिवसांच्या वर जगलं नव्हतं.

दिवेलागणीला दोधू स्वतः दाराशी आला.

"सुकलाल, तुन्हा तो वीरसिंग उना शे. बायकोले झोळीमा घाली आनेल शे. तुले बलावस."

सुकलाल गेला. भिकुबाई न विचारता मागोमाग निघाली. नाक्याच्या आडव्या बांबूपलीकडे, चिंचेखाली झोळी उतरवलेली होती. वीरसिंग आणि त्याच्या पाड्यातली तीन माणसं, सगळी घामानं भिजलेली. झोळीतून आवाज येत होता तो माणसाचा आहे हे कळायला सुकलालला थोडा वेळ लागला.

"बाई अडली," वीरसिंग म्हणाला. त्याची बोली मोडकी होती, बाजारापुरती. "काल सकाळपून. दवाखान्यात न्यायची. हा सोडत नाय. पटकी म्हणतो. आमच्यात पटकी नाय, शेठ. तू वळखतो मले. तू सांग याले."

"मी काय करू?" दोधू म्हणाला. "हुकूम शे. आप्पानी चिठ्ठी आनी द्या, मी बांबूच काय, नाकाबी उचली देसू."

हिंमतराव घरी होते. इन्स्पेक्टरही आला होता आणि त्यांच्याकडेच जेवायला उतरला होता. चार गल्ल्यांचं अंतर. जाऊन सांगायचं की पटकीची बातमी मी उठवली. कशासाठी, असं ते विचारणार. माठ बिघडला म्हणून, असं सांगावं लागणार. आणि उद्या सकाळी त्याच साहेबानं दगूबाईच्या अंगणात उभं राहून श्वास घ्यायचा होता.

"सकायले जासू," सुकलाल म्हणाला. "आप्पा आते जेवाले बठना व्हई. सकायले पहिलं काम हाई."

वीरसिंगनं मान हलवली. शेठ सकाळी म्हणतो तर सकाळी. मोठ्या माणसांची कामं सकाळी होतात, हे त्यानं बाजारात बघितलं होतं.

भिकुबाईनं नवऱ्याला बाजूला घेतलं. "आते जा."

"एक रातनी गोष्ट शे, वं."

"तिले एक रात शे का, ते दखं का तुम्ही?"

 ती त्याच्याकडे बघत राहिली, मग घरी गेली, गरम पाण्याचा हंडा, ओवा आणि जुनं लुगडं घेऊन आली, आणि बांबूखालून वाकून पलीकडे गेली. दोधूनं तिला अडवलं नाही. बाहेर जाण्याला मनाई नव्हती. आत यायचा प्रश्न सकाळी निघणार होता.

सकाळी इन्स्पेक्टर आला. पुण्याकडचा, काळजीपूर्वक दाढी केलेला, प्रामाणिक माणूस. दगूबाईच्या अंगणाच्या मधोमध तो उभा राहिला. "नाक साफ असलं पाहिजे," असं म्हणून त्यानं चांदीची डबी काढली आणि दोन्ही नाकपुड्यांत तपकीर भरली. शिंकला. डोळे पुसले. मग छाती भरून श्वास घेतला.

"काहीही वास नाही," तो म्हणाला.

दगूबाईच्या दाराशी ताजं शेण पडलं होतं, कोपऱ्यात बोंबलांची टोपली होती. सुकलाल त्या माणसाच्या नाकाकडे बघत उभा राहिला. सडलेला माठ अंगणात आणून ओतला असता तरी याला कळलं नसतं. इन्स्पेक्टरनं पडवीत येऊन माठ पाहिला, फुलाचं कौतुक केलं, आणि तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून परवाना लिहून दिला. 'उपद्रवी धंदा, उपद्रव आढळला नाही.'

साहेब पुढे आणि सुकलाल परवाना हातात घेऊन मागे, असे दोघं हिंमतरावांच्या ओट्यावर पोचले. हिंमतराव चहा घेत होते.

"आप्पा," सुकलाल म्हणाला, "पटकी नही शे. ती बातमी मी उठाडी."

हिंमतरावांनी बशी खाली ठेवली आणि पोट धरून हसले. "माठ बिघडना वाटस!"

"नही, आप्पा. खरं सांगी ऱ्हायनू."

"तुन्हा बापबी असंच सांगे. पन भो, यावर कोन इस्वास ठेवी? काल सगळं गाव सांगे पटकी शे, अन् आज तू एकला सांगस की नही. यापेक्षा इमान बरं व्हतं."

इन्स्पेक्टरला काही कळेना. हिंमतरावांनी त्याला माठाची रीत सांगितली, रंगवून सांगितली. इन्स्पेक्टरही हसला. मग एकाएकी हसायचा थांबला. तो खरोखरच प्रामाणिक माणूस होता.

"थांबा. माठ आत्ता चांगला आहे. मी पाहिला."

"चांगला आहे, साहेब."

"मग खोटी बातमी उठवायला तुला कारण नव्हतं. त्या अर्थी बातमी खरी, आणि पटकी आहे."

"आत्ता चांगला आहे, साहेब. तेव्हा बिघडला होता. ती बातमी परत आली म्हणून सुधारला."

"तेव्हा म्हणजे अर्ज चौकशीत असताना?"

सुकलालनं मान डोलावली.

"म्हणजे घाण येत होती आणि तू ती लपवलीस. तसं असेल तर परवाना रद्द." इन्स्पेक्टरनं खिशातली पेन्सिल काढली. "बोल. माठ बिघडला होता असं लिहू, का पटकी आहे असं लिहू? दोन्ही लिहिता येणार नाही."

सुकलालनं हातातल्या कागदाकडे पाहिलं. शाई अजून पुरती वाळली नव्हती. त्याला आज्याचे निळे हात आठवले, बापाचे आठवले. मरताना बापानं गंगेचं पाणी मागितलं नव्हतं, माठ ढवळला का, असं विचारलं होतं. तो किती वेळ तसा उभा राहिला ते पुढे त्याला कधी सांगता आलं नाही. हिंमतरावांचा चहा मात्र तेवढ्यात पिऊन झाला होता, आणि ते फुंकर घालून, बशीतून, सावकाश पिणारे होते.

मग त्यानं परवाना पुढे केला. "घ्या, साहेब. माठ बिघडेल व्हता."

इन्स्पेक्टरनं कागद हातात घेतला आणि त्याच वेळी दोधू ओट्याशी येऊन उभा राहिला. टोपी हातात होती.

"आप्पा, ती बाई गई."

"कथी गई?"

"मरी गई. आतेच."

"अन् पोर?"

"पोटमाच."

 मग इन्स्पेक्टरनं विचारलं, "उलटी झाली होती?"

दोधूनं आठवून पाहिलं. "एक डाव व्हयनी व्हती, साहेब. पहाटले."

इन्स्पेक्टरनं लिहायला घेतलं. हिंमतरावांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, ते खोटं नव्हतं. पण त्याखाली कुठंतरी सुटल्याचा भाव होता. न आलेल्या चिठ्ठीवर केलेला ठराव आता बिनचूक ठरला होता. "दखं का?" ते हळू आवाजात म्हणाले. "आम्ही नाका लावा नसता तं आज हाई बाई गावमा मरती."

इन्स्पेक्टरनं लिहून संपवलं आणि परवाना सुकलालच्या हातात परत ठेवला. "पटकी सिद्ध झाली. म्हणजे तुझ्या माठाबद्दल काही तक्रार राहिली नाही."

पटकीनं मेलेलं माणूस हलवू द्यायचं नाही असाही नियम होता. रूपलीला वर पाड्यात न्यायला वीरसिंगला परवानगी मिळाली नाही. नाल्यापलीकडे, उपद्रवी धंद्यांसाठी राखलेल्या मोकळ्या जागेत, तिच्यावर चुना टाकून तिला जाळलं. त्या जागेचा म्युनिसिपालटीला झालेला तो पहिला उपयोग.

सुकलाल तिथं गेला तेव्हा भिकुबाई दूर बसली होती, कोपरापर्यंत राख आणि चुना. वीरसिंग उभा होता. सुकलालला पाहून तो जवळ आला आणि त्याचे हात धरले.

"तुझी बाई रातभर होती, शेठ. आपल्या आईसारखी होती."

"वीरसिंग," सुकलाल म्हणाला, "पटकी शे असं मी सांगं. मी खोटं सांगं गावले. मन्हा माठ बिघडेल व्हता म्हनीसन."

वीरसिंगला सगळं समजलं नाही. त्यानं ते दोनदा सांगायला लावलं. मग हात सोडले.

"तू सांगितलं? पटकी आहे असं तू एकानं सांगितलं?"

"हा."

"अन् गावानं ऐकलं?"

"हा."

"आमी काल किती जण सांगत होतो. नाय, नाय, नाय." त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंखुरं नवल होतं, आणि ते ऐकवत नव्हतं. रिकामी झोळी बांबूला गुंडाळून ती माणसं वाटेला लागली. नाक्यावरून जाताना दोधूनं त्यांना रामराम केला. त्यांनी घेतला नाही.

त्यानंतर सुकलाल खरं सांगत सुटला. विहिरीवर, चावडीवर, जिनच्या फाटकाशी, ऐकेल त्याला. पटकी नव्हती, बाई अडली होती, बातमी मी उठवली. लोक आधी हसत. मग बाई मेल्यावर असली थट्टा करतो म्हणून रागावू लागले. एकानं त्याच्या तोंडावर सांगितलं की भावसारांचं खोटं आजवर निरुपद्रवी होतं, सुकलालनं मात्र हद्द केली. दगूबाई तर त्याच्याशी बोलेनाशी झाली. गावासाठी नाका लागला आणि हा म्हणतो पटकीच नव्हती, म्हणजे ती काय खोटं बोलत फिरली?

खऱ्यानं माठ मरेल अशी त्याला भीती होती. थोडी आशाही होती. पण गाव ते खोटंच धरून चाललं होतं आणि तेच घरोघर फिरून, 'सुकलाल काय काय सांगत फिरतो ऐकलंत का' असं होऊन त्याच्या दाराशी येत होतं. माठाला तेवढं पुरलं. असं फूल आज्याच्या वेळीही कधी धरलं नसेल. रोज सकाळी तो गोधडी उचले, ते पाही आणि गोधडी पुन्हा ओढून घेई.

बुडवायला मात्र काही नव्हतं. नाका उठला नाही. सिद्ध झालेली पटकी संपली हे सिद्ध कोणी करायचं, याविषयी नियमात काही नव्हतं. डोंगरातली माणसं दुसऱ्या वाटेनं दुसऱ्या बाजारांना जाऊ लागली. न नेलेली लुगडी कोनाड्यात घडी घालून पडली. त्यातलं रूपलीचं कुठलं, हे भिकुबाईला माहीत होतं. तिनं ते सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. ती स्वयंपाक करी, पाणी भरी. माठाचा गूळ मात्र तिनं फोडायचा सोडून दिला. तो आता त्यालाच फोडावा लागे.

माघात म्युनिसिपालटीचा शिपाई एक गाठोडं घेऊन आला. नाक्यावर आता पहारेकरी वाढवले होते आणि लांबून ओळखू यावेत म्हणून त्यांना एका रंगाचे फेटे द्यायचं ठरलं होतं. रंग पक्का हवा, उन्हातान्हात उभं राहायचं असतं. हिंमतराव सभेत म्हणाले होते, बाहेर कशाला द्यायचं काम, आपल्या गावात परवानेवाला माणूस आहे.

शिपाई गेल्यावर सुकलाल गाठोड्याकडे बघत बसून राहिला. भिकुबाई चुलीपुढून उठली, गाठोडं सोडलं, पांढऱ्या कापडाची एक घडी उलगडून पाण्यातून काढली, पिळली आणि त्याच्या मांडीवर आणून टाकली.

"बुडाडा," ती म्हणाली. "आते तेवढंच गिऱ्हाईक शे."

त्यानं गोधडी उचलली आणि कापड माठात सोडलं.